ऑस्लाचं स्टूल

"देवाचा अपमान! भर किनाऱ्यावर! मी या कानांनी ऐकला!" गिल्बर्ट पंच गरजले.

ही अठराव्या शतकातली गोष्ट. स्कॉटलंडच्या उत्तरेला एका बेटावर, चर्चच्या पंचांसमोर ऑस्ला कोळीण उभी होती. वादळात नवऱ्याची होडी हेलकावे खाताना ती आभाळाकडे बघून ओरडली होती, "प्रभू, झोपलास का? ऊठ!" होडी सुखरूप परतली. बुडाली ती ऑस्ला.

शिक्षा ठरलेली होती. दर रविवारी गोणपाट पांघरून साऱ्या गावासमोर चर्चमधल्या तीनपायी स्टुलावर बसायचं, तेही पंचांचं समाधान होईपर्यंत. आणि गिल्बर्ट पंचांचं समाधान त्यांच्या बायकोलाही कधी करता आलं नव्हतं! तोवर ऑस्लाच्या मुलीचा बाप्तिस्मा बंद. बाप्तिस्म्याआधी बाळाचं नाव तोंडातून काढायचं नाही, अशी तिथली रीत. पोरीला दात आले तरी ती आपली नुसती 'ए'च राहणार! ऑस्लाचा जीव तुटत होता.

"सरकार," ती मुख्य पंचांना, म्हणजे बेटाच्या जमीनदारांना म्हणाली, "जिवावर बेतलं की सगळेच असं म्हणतात."

"सगळे?" जमीनदार हट्टाला पेटले. "मग या गिल्बर्टनं हेच चर्चमध्ये सर्वांदेखत, राजीखुशीनं म्हणून दाखवावं. तिथल्या तिथं तुला सोडतो!"

"मेलो तरी म्हणणार नाही!" गिल्बर्ट म्हणाले.

"बरं," ऑस्ला चर्चच्या पाद्रीबाबांकडे वळली. "रविवारी बायबलातलं स्तोत्र तेवढं माझ्या आवडीचं घ्याल? चव्वेचाळिसावं."

पापिणीला स्तोत्राची ओढ लागलेली पाहून पाद्रीबाबांना भरून आलं. ते लगेच हो म्हणाले.

रविवारी ऑस्ला स्टुलावर बसली. गावात वाचता येणारे थोडेच, म्हणून गिल्बर्ट पंच एकेक ओळ गात आणि मागून सगळे तीच ओळ म्हणत. आपल्या आवाजाचा त्यांना भारी अभिमान. डोळे मिटून ते रंगात आले आणि शेवटी छत हादरेल अशी ओळ त्यांनी सोडली, "ऊठ, हे प्रभू! का झोपलास?"

"ऊठ, हे प्रभू! का झोपलास?" गाव गरजलं. जमीनदारांचा आवाज सगळ्यांत वर होता.

ऑस्ला उभी राहिली.

"सरकार, मी एकटी ओरडले होते. इथं तर अख्खं गाव! आधी कोण बसतंय? गिल्बर्ट पंच, की आपण?"

गिल्बर्टांनी खाडकन डोळे उघडले. पाद्रीबाबांनी पुस्तकात डोकं घातलं. आणि जमीनदार खदखदून हसले! चर्चमध्ये हसणं हाही गुन्हाच होता, पण तक्रार करायला कुणी पुढे आलं नाही.

दिलेल्या शब्दाप्रमाणे त्यांनी ऑस्लाला सोडलं आणि बाप्तिस्मा तिथंच झाला. "मॅरियन!" ऑस्लानं लेकीचं नाव पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं आणि तिला रडू फुटलं.

"बक्षीस माग," जमीनदार म्हणाले.

"हे स्टूल द्या, सरकार. गाईचं दूध काढायला कामी येईल. इथं ठेवून काय करता? साऱ्या गावाला पुरायचं नाही!"