गवयाने अडवलेला पूल

गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव आज कुणाला सांगता येणार नाही.

समुद्राकाठच्या त्या राज्यात एका खाडीपलीकडे एक गाव होतं. भात, मीठ आणि मासे यांवर तिथली माणसं जगत. बाजार, चर्च आणि वैद्याचं घर मात्र खाडीच्या अलीकडे होतं. भरती असली की होडीने जावं. ओहोटीला खाडीत नुसता चिखल उरे. मग पाणी चढेपर्यंत काठावर बसून राहण्यावाचून इलाज नसे.

या गावचा कैतान राजाच्या दरबारी गवई होता. आवाज असा, की त्याने पहिला सूर लावला की दरबारातली कुजबुज आपोआप थांबे. वर्षभर तो राजधानीत राही आणि नाताळचे आठ दिवस गावी येई. धाकटी बहीण इजाबेल आणि तिचा नवरा बस्त्याव यांच्या घरी तो उतरे.

राजा तरुण होता आणि घाईत होता. सगळं राज्य त्याला आपल्या हयातीतच नवं करायचं होतं. त्यामुळे कैतान दर नाताळला येई, तेव्हा गाव थोडं बदललेलं असे. एका वर्षी शेतातून येणाऱ्या पाणंदीवर फरशी पडली. पुढल्या वर्षी गवताची छपरं गेली आणि कौलं आली. त्याच्या पुढल्या वर्षी तळ्याचं पाणी खापरी नळांतून चावडीपाशी येऊ लागलं, आणि ज्या चिंचेवर तो लहानपणी चढत असे तिच्या जागी धान्याचं कोठार उभं राहिलं.

पहिल्या दिवशी कैतान गावातून फेरी मारी आणि तोंड आंबट करून परत येई.

"आपली पाणंद कुठे गेली, इजा?" त्याने एकदा विचारलं.

"पावसाळ्यात तिथे गुडघाभर चिखल व्हायचा, दादा," बहीण हसून म्हणाली. "पण तू पावसाळ्यात इथं असतोस कुठे?"

कैतानला ते बोलणं फारसं रुचलं नाही.

एक गोष्ट तेवढी जशीच्या तशी राहिली होती. नाताळच्या संध्याकाळी सगळं गाव नवे कपडे घालून होड्यांत बसे. प्रत्येक होडीच्या पुढच्या टोकाला कंदील लटके. होड्यांची ती रांग गात गात खाडी ओलांडून चर्चकडे निघे. मावळतीचं पाणी, कंदिलांचा थरथरता उजेड आणि एका होडीतून दुसऱ्या होडीत जाणारी गाणी! याच देखाव्यावर कैतानने एक गाणं रचलं होतं, आणि ते ऐकून राजाच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्या वर्षी नाताळच्या दुपारी घरात पंगत बसली होती. इजाबेलने तळलेले गोडसर, गोल फुगे आणि करंजीसारख्या नेवऱ्या पानात होत्या. गावचा म्हातारा नावाडी पास्कूही जेवायला होता. बस्त्याव आनंदाने म्हणाला, "कैतान, बातमी कळली का? राजा खाडीवर पूल बांधणार आहे! दगडी पूल. पाहणी करून माणसं गेलीसुद्धा."

कैतानचा हात पानातच थांबला. "आणि मग होड्या?"

"होड्या मासेमारीला राहतील की."

"पण नाताळची रांग?"

इजाबेल म्हणाली, "गाणी पुलावरून चालतानाही म्हणता येतील, दादा."

कैतान नावाड्याकडे वळला. "पास्कूकाका, तुम्ही तरी सांगा यांना. पूल झाला तर तुमची होडी कोण विचारणार?"

म्हाताऱ्याने गुडघ्यावर हात फिरवला. "अरे, चिखलातून होडी ढकलून ढकलून हे गेले बघ. पूल होऊ दे. त्याच्या टोकाला बसून मी सुकी मासळी विकेन."

पण कैतानच्या मनाने घेतलं, की या माणसांना आपण काय गमावतो आहोत हेच कळत नाही. ते आपल्याला कळतं, म्हणून ते आपणच वाचवलं पाहिजे.

राजधानीत परतल्यावर त्याने दरबारात ते होड्यांचं गाणं गायलं. त्या दिवशी तो असा गायला, की राजाने ते पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

"गवईबुवा," शेवटी राजा म्हणाला, "तुमच्या गावच्या पुलाचं काम निघालं आहे. पूल झाल्यावर होड्यांची ही रांग राहील का?"

"नाही, महाराज."

"गावाला पूल हवा आहे ना?"

खरं उत्तर कैतानला ठाऊक होतं. तरी तो म्हणाला, "महाराज, गावाचं सुख गावाला कळत नसतं. माझं गाव आहे तसंच राहू द्या."

राजाने मान डोलावली. पुलाचे दगड आणि गवंडी राज्याच्या उत्तरेला दुसऱ्या कामावर गेले. कैतानला वाटलं, आपण गावावर केवढे उपकार केले!

पुढच्या नाताळला तो आनंदात निघाला. खाडीच्या काठी पास्कूने त्याला होडीत घेतलं, पण नेहमीसारखी चौकशी केली नाही.

इजाबेलच्या दारावर कंदील नव्हता. चूल थंड होती. ती काळं लुगडं नेसून ओटीवर बसली होती.

"इजा, काय झालं? बस्त्याव कुठे आहे?"

"ये, बस," ती म्हणाली. तिच्या आवाजात रडणं नव्हतं; ते सगळं रडून झालं होतं. "भाताचे भारे उचलत होता. भाऱ्याखाली घोणस होती. पायाला चावली. चौघांनी उचलून त्याला काठावर नेलं. वैद्याचं घर समोर दिसत होतं, दादा. वैद्य पलीकडे उभा होता, हात हलवत होता. पण ओहोटी होती. पास्कूकाकांनी होडी चिखलात घातली, ती रुतली. दोघं जण खांद्यावर घेऊन निघाले, ते कमरेपर्यंत गेले. पाणी चढायची वाट बघत आम्ही बसून राहिलो. पाणी चढलं, तेव्हा तो नव्हता."

कैतान ओटीच्या पायरीवर बसला.

"एक विचारू?" इजाबेल म्हणाली. "राजाचा एक गवंडी बाजारात आला होता. तो म्हणाला, तुमचा पूल तुमच्याच माणसाने नको म्हटला. ते तूच ना?"

नाही म्हणणं सोपं होतं. राजधानी दूर होती, गवंडी अनोळखी होता. पण बहिणीच्या डोळ्यांत बघून कैतानला खोटं बोलता आलं नाही.

"हो," तो म्हणाला. "मीच."

"तुला गाव सुंदर हवं होतं," ती म्हणाली. "आम्हाला ते सुंदर नको होतं असं नाही, दादा. पण तू आठ दिवस बघून निघून जातोस. उरलेलं वर्ष इथं आम्ही काढतो. पंगतीत आम्ही सगळ्यांनी तुला सांगितलं होतं. तू ऐकलंस, आणि तरी..." ती उठून आत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

कैतान त्या नाताळला चर्चमध्ये गेला नाही. तो गावातच बस्त्यावच्या कबरीपाशी जाऊन बसला. भरती आली तशी खाडी ओलांडून राजधानीला गेला आणि राजापुढे उभा राहिला.

"महाराज, मी तुमच्यापासून खरं लपवलं. गावाला पूल हवा होता. नको होता तो मला."

काय घडलं ते ऐकून राजाचा चेहरा उतरला. "मीही गावाला न विचारता तुमचं गाणं ऐकलं," तो म्हणाला. "पूल होईल. पण उत्तरेचं काम अर्ध्यावर टाकता येणार नाही. तिथलीही माणसं वाट बघत आहेत."

"मग मला दरबारातून मोकळं करा," कैतान म्हणाला.

तो गावी परतला आणि पास्कूच्या पडवीत राहू लागला. पहिल्यांदाच त्याने तिथला पावसाळा पाहिला. भरतीला तो होडी वल्हवी. ओहोटीला आजारी माणसांसोबत काठावर बसून पाण्याची वाट बघे. ती वाट किती लांब असते, ते त्याला तेव्हा कळलं. पुढे दगड आले, तेव्हा गवंड्यांच्या हाताखाली त्याने दगड वाहिले. त्याचे तळहात फुटले, खांदे सोलले. इजाबेल येता-जाता त्याला बघे, पण बोलत नसे. तिने बोलावं असं त्यानेही कधी म्हटलं नाही.

काही वर्षांनी पूल पुरा झाला. नाताळच्या तोंडावर एका दुपारी, भर ओहोटीच्या वेळी, शेजारच्या घरातली एक बाळंतीण अडली. चौघांनी तिला डोलीत घातलं. इजाबेल डोलीसोबत तिचा हात धरून धावत होती. पुलाच्या तोंडाशी कैतान उभा होता. तो बाजूला सरला. डोली खाडीवरून पलीकडे गेली, थेट वैद्याच्या दारात.

दुसऱ्या दिवशी सकाळी इजाबेल परत आली. पुलावरून उतरताना ती भावापुढे थांबली. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच त्याच्याशी बोलली.

"मुलगी झाली," ती म्हणाली. "दोघी सुखरूप आहेत."

कैतानने खाली मान घालून हात जोडले. मग ती घराकडे चालू लागली.

तात्पर्य: गावावर खरी माया असेल, तर आपल्या आठवणी जपण्याआधी तिथं रोज राहणाऱ्यांची गरज जपावी.