खळ्यावरचा उपाशी बैल

जनावरं बोलायची त्या काळात भिंगऱ्या नावाचा बैल खळ्यावर दिवसभर फिरून धान्य मळायचा. तरी त्याच्या बरगड्या मोजता यायच्या. म्हैस आणि शेळी हळहळल्या. पोटाला चिमटा काढून रोज त्याच्यापुढे वैरण टाकू लागल्या. वैरणीचा ढीग वाढला, बैल मात्र खंगतच गेला.

"आणखी किती टाकायचं याला?" म्हैस चिडली.

एकदा रानातली नीलगाय तिथं आली आणि हादरलीच. बैलाच्या तोंडावर दोरीच्या जाळीचं मुसकं! जाळीतून शिरेल तेवढीच काडी त्याला मिळत होती.

"अगं बायांनो, आधी हे काढा की!"

"काढा काय? बैलाचं तोंड असंच असतं," शेळी म्हणाली.

भिंगऱ्या चालता चालता थांबला. त्याचे डोळे विस्फारले.

"हे निघतं?"