दोन दारांवरच्या काड्या

फार मागे, मुंग्या एकमेकींशी सावकाश बोलत तेव्हाची ही गोष्ट. एका वारुळाशेजारी नांगर आणून ठेवला होता. सकाळी माती उलटणार, म्हणून दुपारच्या मऊ उन्हात सगळं वारूळ बांधावरच्या नव्या घराकडे निघालं.

त्यांची एक रीत होती. खोलीत कुणी कामाला बसली, की ती दारात काडी आडवी लावायची, आणि तिनं स्वतः उचलेपर्यंत आत कुणी जायचं नाही. अंड्यांच्या खोलीची काडी काही उठेना. रांग थबकली.

"मोडा ती काडी," राघी म्हणाली. "ऊन कलायला लागलं."

"मोडशील गं. पण अंडी दाराला टेकून असली तर?" म्हातारी ठकूमावशी म्हणाली. तिनं दाराशी वाकून आतल्या सोनकीला विचारलं, "सोनके, कुणाची वाट बघतेस?"

"धान्य पुढं जाऊ दे, मावशी. पिल्लांना तिथं खायला नको?"

मावशी धान्याच्या खोलीशी गेली. तिथंही काडी. आतून कोंडी म्हणाली, "अंडी आधी जाऊ देत. वाटेत माझी गर्दी नको."

मावशीला हसूच आलं. ती परत फिरली. "सोनके, कोंडी तुझ्यासाठीच थांबलीय. पिल्लं घटकाभर उपाशी राहतील बाई, मातीखाली गाडली तर नाही जगायची."

मग काडी अलगद उठली.

पहिलं अंडं राघीनं उचललं.

"चल की गं भरभर," मागून कुणी म्हणालं.

"हळू," राघी म्हणाली. "कूस बदलतंय ते."