मऊ गज

"…तर मग यांतला कोणता गज तू माझ्या रायफलीत घालशील?"

उस्तादांनी विचारले.

पद्माकर इंगवलेच्या समोर, घोंगडीवर, बंदुकीची नळी साफ करण्याचे तीन गज ठेवले होते. एक तुकड्यातुकड्यांचा, आट्यांनी जोडायचा. दुसरा पोलादाचा, अखंड आणि आरशासारखा गुळगुळीत. तिसरा पांढुरक्या अ‍ॅल्युमिनियमचा, तोही अखंड. हा तिसरा पद्माकरचा स्वतःचा होता. इथे आला त्या वर्षी त्याने तो विकत घेतला होता आणि आजवर दुसऱ्या कुणाच्या हाती दिला नव्हता.

उस्ताद म्हणजे दस्तगीर शिकलगार. फौजेत असताना त्यांनी कित्येक पलटणींना नेम धरायला शिकवले. सुभेदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते गावाकडे परतले आणि डोंगराच्या पायथ्याशी, उघड्या माळावर त्यांनी नेमबाजीची शाळा काढली. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. तेच नाव त्यांना गावातही चिकटले.

त्यांच्या जिभेला धार होती. सकाळी ज्याला फाडून खात, त्याच्याच ताटात दुपारी स्वतःच्या हाताने भाकरी वाढत. आपण सकाळी काय बोललो, हे तोवर त्यांच्या गावीही नसे.

पद्माकर त्यांचा सर्वांत जुना शिष्य. त्याचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता.

उस्तादांची नजर आता अधू होत चालली होती. शस्त्रांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या कमरेला असे. ती ज्याच्या हाती जाईल, त्याच्याच हाती शाळेतली मुलेही जाणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. आज उस्तादांनी आपली जुनी रायफल स्वतः बाहेर काढली, तिचा बोल्ट उतरवून ती लाकडी स्टँडवर आडवी ठेवली आणि पद्माकरला आत बोलावले. किल्ली आज मिळणार, याविषयी पद्माकरच्या मनात शंका उरली नाही.

"बोल. का माझ्या रायफलीला पण लाजतोस?"

पद्माकर सावरून बसला.

"जोडाचा गज मी हातातही धरणार नाही, उस्ताद. तो वाकतो, आणि वाकला की नळीच्या भिंतीला घासतो. शिवाय प्रत्येक जोडाला बारीक कड असते. ती नळीतल्या पेचदार चऱ्यांना खरवडते."

"पुढे?"

"गज नळीच्या तोंडाकडून घालणार नाही, मागून घालीन. गोळी बाहेर पडताना तिला शेवटचा स्पर्श तोंडाच्या कडेचा होतो. ती कड केसभर जरी झिजली, तरी नेम बिघडतो. गज मधोमध राहावा म्हणून मागे मार्गदर्शक नळी बसवीन. मूठ फिरती हवी, म्हणजे चिंधी चऱ्यांच्या वळणाने जाते. ब्रश अर्ध्यात उलटा फिरवणार नाही. आणि प्रत्येक फेरीनंतर गज पुसून घेईन."

"वा." उस्तादांनी मान डोलावली. "फौजेत असतास तर तुला फीत लावली असती. बंदूक गोळीने मरत नाही रे, चाकरीने मरते. पोराला घासून घासून न्हाऊ घालते आणि त्याची कातडीच सोलून काढते, तशी एखादी आई असते ना… तसे असतात हे सफाईवाले."

पद्माकर अदबीने हसला.

"आता राहिले दोन."

"पोलादाचा नको." पद्माकरने पोलादी गज हलकेच बाजूला सारला. "नळीही पोलादाची आणि गजही पोलादाचा. कठीण वस्तू कठीण वस्तूला भिडली की ओरखडा ठरलेला. मी हा घेईन." त्याने आपला गज उचलला. "हा मऊ आहे. मऊ वस्तू कुणाला इजा करीत नाही."

खिडकीतून माळावरचा वारा येत होता. त्याबरोबर बारीक धूळही येत होती.

"तुझ्या रायफलीचा जमाव हल्ली पांगतोय म्हणे?"

प्रश्न अनपेक्षित होता. एकाच छिद्रात गोळ्या घालणारा म्हणून पद्माकरची ख्याती होती. पण गेल्या काही महिन्यांत त्याच्या गोळ्या लक्ष्यावर विखरून पडू लागल्या होत्या.

"काडतुसांची नवी खेप ठीक नाही, उस्ताद."

"आणि वैजू का गेली?"

पद्माकरची बोटे गजावर थबकली.

वैजयंता साळोखे ही शाळेतली सर्वांत गुणी मुलगी. राज्याच्या निवड चाचणीसाठी उस्तादांनी तिला पद्माकरकडे सोपवले होते. आठवड्यापूर्वी तिने आपले जॅकेट घडी घालून ओट्यावर ठेवले आणि ती निघून गेली. पुन्हा आली नाही. चाचणी तोंडावर आली होती.

"तिचे मन फार नाजूक आहे."

"तू तिला काय बोललास?"

"एकही कठोर शब्द बोललो नाही. हवे तर तिलाच विचारा."

"विचारलं. ती म्हणाली, दादा कधीच रागावले नाहीत." उस्तादांनी चष्मा नाकावर सारला. "रोज नेम धरायच्या आधी तू तिला काय सांगायचास?"

"एवढेच की… कालच्यासारखं नको. परवासारखं नको. आणि कोल्हापूरच्या स्पर्धेत झालं तसं तर मुळीच नको." पद्माकरचा स्वर आताही लोण्यासारखा होता. "तिने चुका विसरू नयेत म्हणून सांगत होतो. प्रेमाने सांगत होतो."

"अस्सं."

"कठोर बोलणे कसे लागते, हे मला चांगले माहीत आहे, उस्ताद. म्हणून मी ते टाळतो." त्याने नजर खाली केली. "मी नवा होतो तेव्हा बेंदराच्या सणाच्या आदल्या दिवशी तुम्ही मला सर्वांसमोर म्हणालात, 'इंगवल्या, हातात रायफल आहे का लाटणं? घरी जा आणि पोळ्या लाट.' सगळे हसले होते."

"मी म्हणालो?"

"हो. तुम्ही या खिडकीपाशी उभे होता. त्या वेळी कोण कोण होते आणि कोण किती हसले, तेही सांगू शकेन."

"नको सांगूस…"

उस्तादांनी जवळची पांढरी चिंधी त्याच्याकडे फेकली.

"तुझा गज पूस."

पद्माकरने गज हातात धरून मुठीपासून टोकापर्यंत पुसला. चिंधी किंचित काळवंडली. त्याने दुसरी घेतली. मग तिसरी. तिसरी चिंधी कोरी निघाली. ती त्याने उस्तादांपुढे पसरली.

"स्वच्छ?"

"स्वच्छ."

"पैज लावशील?"

"माझ्या हाताची मला खात्री आहे, उस्ताद."

उस्तादांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. जुना, जाड काचेचा. तो त्यांनी उपरण्याच्या टोकाने सावकाश पुसला आणि गुडघ्यावर ठेवला. मग पोलादी गज उचलून डाव्या काचेवर आडवा टेकवला व दाबून ओढला.

काच तशीच राहिली.

त्यांनी हात पुढे केला. पद्माकरने आपला गज त्यांच्या हाती दिला.

उस्तादांनी तो उजव्या काचेवर टेकवला. तितकाच दाब दिला आणि ओढला.

किर्र… असा बारीक आवाज झाला. दाताखाली खडा यावा तसा.

काचेवर या कडेपासून त्या कडेपर्यंत एक पांढरी रेघ उमटली होती.

"उस्ताद!" पद्माकर अर्धवट उठला. "तुमचा चष्मा… आणि तोही उजवा डोळा…"

आयुष्यभर उस्तादांनी ज्या डोळ्याने नेम धरला, त्याच डोळ्यापुढे आता ती रेघ होती. त्यांनी चष्मा चढवला. जणू काही घडलेच नव्हते. गज पद्माकरला परत दिला.

"बघ."

पद्माकरने गज खिडकीपाशी नेला आणि उन्हात तिरपा धरला. प्रथम काही दिसले नाही. मग दिसले. पांढुरक्या धातूत, सुईच्या टोकाएवढे काळे-करडे कण रुतून बसले होते. माळावरची वाळू. जळक्या दारूची काजळी. कुठल्या कुठल्या वर्षांची… एकही पडला नव्हता. नखाने त्याने एक कण टोकरून पाहिला. तो निघेना.

हाच गज रोज, न चुकता, जिवापाड जपून त्याने आपल्या रायफलीच्या नळीतून फिरवला होता.

काडतुसांच्या नव्या खेपेविषयी तो पुन्हा बोलला नाही.

"आणि पोलादात कण का नाही रुतले?" शेवटी त्याने विचारले. त्याचा आवाज प्रथमच थोडा खरखरीत निघाला.

"त्याच्यावरही धूळ बसते रे." उस्तादांनी पोलादी गजावरून अंगठा फिरवला आणि अंगठ्याला लागलेली धूळ फुंकून टाकली. "बसते… आणि जाते."

पद्माकर परत घोंगडीवर येऊन बसला. त्याने आपला गज उस्तादांच्या रायफलीपासून दूर, भिंतीकडेला ठेवला. कमरेच्या किल्लीकडे त्याने पाहिले नाही. बाहेर मैदानात कुणीतरी लक्ष्याचे नवे कागद लावत होते.

"उस्ताद…"

"हं."

"चाचणीआधी वैजूला परत आणता येईल का? मी स्वतः तिच्या घरी जातो. हात जोडतो."

उस्तादांनी ओरखडलेल्या काचेतून त्याच्याकडे रोखून पाहिले.

"बेंदराच्या आदल्या दिवशी," त्यांनी सावकाश विचारले, "कोण कोण हसलं होतं?"

पद्माकरने तोंड उघडले.

नावे ओठांशी येऊन उभी राहिली होती. मोरे. बागवान. पाटलांचा धाकटा, जो सर्वांत जास्त वेळ हसला. चेहरे, दात, अंगावरचे सदरे… सगळे जसेच्या तसे.

त्याने तोंड मिटले.

"आठवत नाही, उस्ताद."

"खोटं."

पद्माकरची मान खाली गेली.

उस्तादांनी पोलादी गज उचलून त्याच्या मांडीवर ठेवला आणि वर एक कोरी चिंधी ठेवली. मग गुडघ्यावर हात देऊन ते उठले. चालताना त्यांच्या कमरेची किल्ली हलकेच वाजली. दारापर्यंत जाऊन ते थांबले.

"जा वैजूकडे," ते म्हणाले. "… उद्या पुन्हा विचारीन."