उंबऱ्याबाहेर गेलेली अक्षरं

एक होता डोंगर. डोंगरापलीकडं होतं एक गाव, आणि गावात होती एका खोलीची शाळा. तिथं द्वारकाबाई शिकवायला आल्या. पाहतात तो काय! अर्धी मुलं आत फळ्यासमोर आणि अर्धी उंबऱ्याबाहेर, ओसरीवर. बाहेरची मुलं बुरडांची, बरं का, टोपल्या-सुपं विणणाऱ्यांची. गावची रीतच तशी.

बाई म्हणाल्या, "मी मोठ्यानं शिकवीन, म्हणजे बाहेरही ऐकू जाईल." मग घसा बसेपर्यंत त्या शिकवू लागल्या. त्यांना वाटलं, झालं आपलं काम!

एकदा शाळा सुटल्यावर बुरडांची झुंबर हळूच म्हणाली, "बाई, ग गवताचा, घ घराचा, सगळं पाठ आहे मला. पण तो ग दिसतो कसा हो?"

बाई मनात म्हणाल्या, 'आवाज तेवढा बाहेर पाठवला मी. पोरीला तिथंच ठेवलं.' मग त्यांनी मनाशी पक्कं केलं, ही पोर फळ्यासमोर बसल्याशिवाय आपण स्वस्थ बसायचं नाही.

सकाळी त्यांनी झुंबरला आत बोलावलं. तर पाटील दारात आडवे! "बाई, रीत मोडायची नाही."

आणि मग काय झालं, ठाऊक आहे? फळ्यावरचा ग हलला. टुणकन खाली उतरला, उंबरा ओलांडून गेला आणि झुंबरच्या मांडीवर जाऊन बसला! त्याच्यामागं ख गेला, घ गेला, सगळी रांगच गेली. फळा कोरा.

"आजोबा, आमची अक्षरं पळाली!" पाटलांची नात शेवंता ओरडली.

मग पाटलांनी दर खेपेला पोरांकडून फळा पुन्हा लिहून घेतला. आधी दार लावलं. अक्षरं दाराखालच्या फटीतून गेली. मग फट बुजवली. अक्षरं कौलांतून गेली. मग सुताराकडून एकेक अक्षर खिळ्यानं ठोकून घेतलं. खिळे राहिले फळ्यावर, अक्षरं ओसरीवर!

पाटील आले रडकुंडीला. "बाई, उद्या राजाचा कारभारी येतोय. फळा कोरा दिसला तर शाळेला कुलूप लागेल. बोलवा की त्यांना आत!"

"तुम्ही झुंबरला बोलवा. अक्षरं येतील तिच्यामागं."

"ते जमायचं नाही."

"मग लागू दे कुलूप. अर्ध्यांची शाळा मला चालवायची नाही."

असं म्हणून बाईंनी पदर खोचला, कोपऱ्यातली पहार उचलली आणि उंबऱ्याखाली घातली. उंबरा हलेना. बाई घामाघूम झाल्या, पण पहार सोडली नाही. मग शेवंता उठली. "सरका हो आजोबा, पाय चेंगरेल तुमचा!" तिनं आतून जोर लावला, झुंबरनं बाहेरून लावला. पोरं जमली. आणि उंबरा निघाला की मुळासकट!

मग झुंबर चालत आत आली. शेवंतानं तिला आपल्या शेजारी बसवलं. ग तिच्या खांद्यावरून उडी मारून फळ्यावर गेला आणि मागून सगळी अक्षरं गेली. झुंबरनं उठून त्याच्यावर बोट फिरवलं. "हा होय ग!" ती म्हणाली.

पाटील चार दिवस अन्नावर रुसले, मग आले जेवायला. कारभारी भरलेला फळा पाहून गेला, शाळा चालू राहिली, पोरं एका चटईवर शिकली आणि सगळे सुखात नांदले.

चला, सरका जरा, धाकटीला पांघरुणात घ्या, आणि मिटा बघू डोळे.