कुणाचीच नसलेली काठी

त्या राज्यात जे काही बांधले जाई ते एकाच काठीने मोजले जाई. ती काठी पहिल्यांदा कुणी कापली हे कुणालाच ठाऊक नव्हते. म्हणून ती कुणाचीच नाही आणि म्हणूनच खरी, असे सगळे मानत.

बांधकामाची विद्या वानरांकडे होती. वस्ताद एक म्हातारा वानर, आणि त्याच्या शाळेत सर्वांत हुशार एक तरणा वानर. हा तरणा काठीला न शिवता दगड बसवी. मागाहून काठी लावून पाहावी तर माप तंतोतंत. लोक म्हणत, याचा हातच देवाने घडवलाय. वस्तादाची गादी आपलीच, हे तरण्याने मनाशी केव्हाच ठरवून टाकले होते.

मग वस्तादाचे वय झाले, हात आखडला, आणि उभ्या जन्मात न चुकलेली त्याची मापे काठीला चुकू लागली. तेव्हापासून तो विचारात पडल्यासारखा दिसे. एके दिवशी त्याने एका साळूला शाळेत आणून बसवले. अंगभर काटे असलेल्या त्या साळूचे एकही माप पहिल्या खेपेला जमत नसे, तरी वस्ताद तासन् तास तिच्याशेजारी बसून राही. तरण्याचे काम पाहून मात्र नुसती मान डोलावी आणि पुढे जाई. तरण्याचा नुसता जळफळाट होई. पिकली उंबरेही त्याला गोड लागेनात.

उन्हाळा आला. वणवा लागला की सगळे ज्या गुहेत शिरत तिला दोन तोंडे होती. वस्तादाने एकेक तोंड दोघांना दार बांधायला दिले आणि सांगितले, ज्याच्या दारातून सगळे आत जातील त्याची गादी.

तरण्याचे दार देखणे झाले. तो स्वतः त्यातून झोकात आत गेला. सांबराची शिंगे मात्र अडकली, आणि कासव उंबऱ्याशीच थांबले.

"नाचता येईना अंगण वाकडे," तरणा म्हणाला.

साळूचे दार तिच्या काट्यांना पुरेल इतके ऐसपैस होते, पण बुटके. सांबर तिथेही अडकले, आणि तरण्याला मनापासून आनंद झाला. साळूने दार उतरवले. सांबराला आणि कासवाला तिथेच उभे करून, त्यांना विचारत विचारत तिने ते पुन्हा रचले. उंच, वरून रुंद, खाली उंबरा नाही, असे वेडेविद्रे ध्यान उभे राहिले. त्यातून सांबर गेले, कासवही गेले.

"शाब्बास, पोरी," वस्ताद म्हणाला.

हा शब्द तरण्याला त्याच्या तोंडून कधी मिळाला नव्हता.

"वस्ताद, हा पक्षपात आहे!" तो ओरडला. "दोन्ही दारांना काठी लावा. काठी खोटं बोलत नाही."

"लाव ना, तूच लाव," वस्ताद म्हणाला. "पण आधी एकदा तुझ्या कोपराला टेकवून बघ."

तरण्याने रागारागाने काठीचे एक टोक कोपराला टेकवले. दुसरे टोक त्याच्या मधल्या बोटाच्या नखापाशी येऊन थांबले. काठीला मध्ये किंचित बाक होता. त्याच्या हातालाही नेमका तिथेच होता.

सांबराने काठीकडे पाहिले, मग हाताकडे. तरण्याने हात चटकन पाठीमागे लपवला.