बांधावरची घटका

"पड की रे बाबा एकदाची! उजवीकडे पड, डावीकडे पड, पण पड!" गाभाऱ्यात वाकून सदू गुरव देवाच्या पाषाणावरच्या पाकळीशी पुटपुटत होता. "सकाळपासून तिसऱ्यांदा लावतोय. माझ्या कमरेचा तरी विचार कर."

हे गाऱ्हाणं भानगीर महाराजांनी अगदी जवळून ऐकलं, कारण ते उंबऱ्याशी बसून वाती वळत होते. त्या वर्षी महाराजांचा चातुर्मास खाडीकाठच्या कांदळशेत गावी होता. घाटावरून चालत आले आणि देवळाच्या पडवीत उतरले. भेटेल त्याला एकच विचारायचे, "आजचा वेळ कुठे ठेवलास?" लोक समोर हसायचे आणि घरी गेल्यावर उगाच विचारात पडायचे.

कांदळशेतात देवाला कौल लावायची रीत होती. पाषाणाला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. म्हैस हरवली तरी कौल, सून माहेरी पाठवायची तरी कौल! पण या वेळचा प्रश्न जिवावरचा होता. गावची भातशेती खाडीपेक्षा खाली, मधे मातीचा लांबच लांब बांध, त्याला बाहेरून दगड लावलेले. तो फुटला तर खारं पाणी शिरणार आणि पुढची तीन वर्षं तिथे रोप धरणार नाही. भात पोटरीत आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या. भाद्रपदातल्या अमावास्येचं उधाण चार दिवसांवर होतं.

"देवा, बांध टिकेल का?" मानकरी दाजीबांनी पुन्हा विचारलं. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत.

खरं सांगायचं तर बांध कुठे कच्चा आहे हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. वळणावरचे दगड उन्हाळ्यात कुणीतरी काढून नेले होते. कुणी नेले तेही ठाऊक होतं. पण ज्यानं नेले तोच कौलाला पहिल्या मानानं उभा होता. मग बोलणार कोण?

महाराज वात वळता वळता म्हणाले, "ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे ते देवाला विचारलं, तर त्या बिचाऱ्यानं करायचं काय?"

सदू गुरवाला एकदम खोकला आला. दाजीबा पागोटं सावरत बाहेर पडले.

त्याच वळणाच्या आत आवडाबायचं भाताचं खाचर होतं. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. ते एक खाचर म्हणजे तिचं वर्षाचं पोट. झोपडी मात्र दाजीबांच्या जागेत. तोंड उघडावं तर छप्पर जाणार, गप्प बसावं तर भात जाणार. आषाढातच ती महाराजांपाशी आली होती.

"महाराज, देवाला रोज विचारते, काय करू? काही सांगतच नाही हो."

"विचारतेस, आणि मग?"

"मग काय, उठते. कामं असतात."

महाराज हसले. "अगं माय, दारात येऊन हाक मारायची आणि घरातला माणूस बाहेर यायच्या आत निघून जायचं? रोज एक घटका बस. विचारून झालं की ऐकायला बस. आणि उठल्यावर हात जे काम मागतील ते नाम घेत कर."

आवडाबाय बसू लागली. पहिले काही दिवस तिला आपल्या कोंबड्यांचाच आवाज ऐकू आला. नंतर एका सकाळी ती उठली, आणि काही शब्द नाही, साक्षात्कार नाही, फक्त हात टोपलीकडे गेले. तेव्हापासून रोज घटकाभर प्रार्थना, मग वळणावर चिखल वाहायचा, खेकड्यांची बिळं बुजवायची, तोंडात नाम.

दाजीबा तिथून जाताना थांबायचे. "काय गो आवडे, आम्हा मानकऱ्यांना देव कौल देत नाही, आणि तुला रोज सांगतो होय, चिखल कालव म्हणून?" सोबतचे मोठ्यानं हसायचे. जरा जास्तच मोठ्यानं.

"मला तेवढंच ऐकू येतं, दाजीबा," ती म्हणायची आणि पुढची टोपली उचलायची.

अमावास्या आली. ऐन दुपारी खाडी फुगली. सगळा गाव बांधावर धावला. इतर ठिकाणी दगडांनी लाटा अडवल्या, पण वळणावरचा ओला चिखल ढासळू लागला. आवडाबाय कमरेइतक्या पाण्यात बांधाला पाठ लावून उभी. "विठ्ठला, आता तूच रे!" एवढंच तिच्या तोंडी. आणि बांधाला चार हातांची खांड पडली.

तेवढ्यात महाराज आले. धावत नाही, रोजच्या चालीनं. झोळी बाजूला ठेवली, तिला हात देऊन वर खांडीत घेतलं आणि तिच्याशेजारी मांडी घालून बसले. डोळे मिटले. दोघांचं नाम सुरू झालं.

आणि काय सांगावं! पाणी चढलं. खांडीच्या तोंडाशी आलं. महाराजांच्या डोक्याहून वीतभर उंच झालं आणि तिथेच उभं राहिलं! भिंतीसारखं, आरपार दिसणारं. त्यातून एक मासा इकडून तिकडे गेलेला लोकांनी पाहिला. पण थेंब म्हणून आत सांडला नाही. घटका गेली, दुसरी गेली. मग ओहोटी लागली आणि पाणी आलं तसं मागे सरलं.

बायका रडू लागल्या. पुरुषांनी लोटांगणं घातली. "महाराज, तुम्ही खाडी धरलीत!"

"मी कुठे धरली?" महाराज चिखलातून उठत म्हणाले. "मी नुसता येऊन बसलो. आषाढापासून या माउलीनं रोजची एक घटका इथे आणून ठेवली. त्या घटकांचीच भिंत रचलेली होती. देवानं तिच्यावर पाणी टेकवलं, इतकंच." मग त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं. "आजचं भागलं. पौर्णिमेला पुन्हा उधाण आहे. तेव्हा इथे दगडच लागतील. इथले दगड कुठे गेले?"

कुणी खाडीकडे पाहिलं, कुणी स्वतःच्या पायांकडे. सदू गुरवाला या वेळी खोकलाही येईना. आवडाबायनं पदर तोंडाला लावला.

दाजीबा पुढे आले. गुडघाभर चिखलात वाकले, तेव्हा पागोटं सुटून पडलं. त्यांनी ते उचललं नाही. महाराजांच्या पायांकडे हात नेला, तर महाराजांनी पाय मागे घेतले आणि आवडाबायकडे बोट केलं. दाजीबा वळले आणि त्या चिखलानं माखलेल्या पायांवर त्यांनी डोकं टेकवलं.

"आवडाबाय," ते म्हणाले, आणि सगळ्या बांधाला ऐकू गेलं, "दगड मी नेले. माझ्या नव्या ओटीच्या जोत्यात आहेत."